जॉबकार्ड बंद झालं म्हणजे रिकॉल संपला नाही

प्रश्न : नाशिकला आमची भागीदारी फर्म आहे. तीन वर्षांपूर्वी घरच्यांसाठी ६८ लाखांची सात आसनी एसयूव्ही घेतली. बिल फर्मच्या नावावर आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये कंपनीचं रिकॉलचं पत्र आलं : फ्युएल पंपात दोष आहे, चालत्या गाडीत इंजिन बंद पडू शकतं, पंप मोफत बदलून देऊ. तो बदलला. तीन महिन्यांनी कसारा घाटात, आई आणि दोन्ही मुलं गाडीत असताना, इंजिन बंद पडलं. सर्व्हिस सेंटरने 'दोष आढळला नाही' असं लिहून गाडी परत केली. मागच्या आठवड्यात पुन्हा तेच. शोरूम म्हणतं, रिकॉल पूर्ण झाला, वॉरंटीही संपली. आमच्यासारख्या अकरा मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सरकारी नियमाने गाडीचे पूर्ण पैसे परत मिळतात असं तिथे कुणीतरी टाकलंय. काय करावं?

उत्तर : कायद्याचं नंतर बोलू. आधी ती गाडी उभी करा. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत टिकते, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. घाटाच्या उतारावर, मागे भरलेला ट्रक असताना, ते काय असतं हे तुम्ही एकदा अनुभवलंय. 'गाडी सुरक्षित आहे, बिनधास्त चालवा' असं सर्व्हिस मॅनेजर म्हणत असतील तर तेवढं एकच वाक्य ईमेलवर मागा. बहुधा देणार नाहीत. तुम्ही मागितलं आणि त्यांनी दिलं नाही, हेही पुढे तुमच्याच कामी येईल.

आता ग्रुपवरच्या त्या निरोपाबद्दल. तो अर्धा खरा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. गाडीतल्या दोषामुळे चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. मग कंपनीला पूर्ण किंमत परत करावी लागते, किंवा गाडी बदलून अथवा दुरुस्त करून द्यावी लागते. पण हे सगळं सरकारने आदेश काढल्यावर. तुमच्या कंपनीने रिकॉल स्वतःहून जाहीर केला असेल तर त्याच कलमानुसार तिला दंडही होत नाही. त्यामुळे हे कलम दाखवून शोरूमकडून ६८ लाख मागता येणार नाहीत.

तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलची तक्रार नोंदवाच, आणि अकराही जणांनी आपापल्या चेसिस क्रमांकासह वेगवेगळी नोंदवा. सक्तीच्या रिकॉलसाठी किती तक्रारी लागतात हे त्या गाडीच्या वार्षिक विक्रीवर ठरतं. महागड्या गाड्या मुळातच कमी विकल्या जातात, तेव्हा एकेका तक्रारीला वजन आहे. ही सोय सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. तुमची त्यात बसते.

तुमचा खरा दावा ग्राहक आयोगात आहे, आणि तिथे तुमच्या हातातला सर्वांत भक्कम कागद म्हणजे कंपनीचं ते पत्र. एरवी गाडीत उत्पादनातला दोष आहे हे सिद्ध करताना ग्राहकाचा जीव मेटाकुटीला येतो. तुमच्याकडे दोष कोणता आणि त्याने काय होतं, हे कंपनीनेच लिहून दिलंय. मूळ पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवा, शोरूमला फक्त झेरॉक्स द्या.

कंपनी म्हणेल, दोष होता, आम्ही तो काढला. म्हणून एक प्रश्न लेखी विचारा : बसवलेल्या नव्या पंपाचा पार्ट क्रमांक काय, आणि तो सुधारित नमुन्याचा आहे की जुन्याच? २०२० मध्ये होंडाने भारतात ६५,६५१ गाड्या फ्युएल पंपासाठीच परत बोलावल्या होत्या. पंपाच्या आतलं फिरणारं चक्र सदोष असण्याची शक्यता होती. अशा दोषात जुन्या नमुन्याचाच पंप पुन्हा बसवला तर दोषही पुन्हा बसवला. हे उत्तर मिळालं नाही तर आयोगापुढे तोच प्रश्न विचारता येतो.

'दोष आढळला नाही' या शेऱ्याने खचू नका. इंजिन कधी बंद पडतं, कधी पडत नाही अशा बिघाडात गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारात नीटच चालते. पुढच्या वेळी गाडी टोईंगनेच पाठवा, टोईंगची पावती ठेवा आणि जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : कुठे, किती वेगात, गाडीत कोण होतं. फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकातली बिघाडाची नोंद) पुसण्याआधी स्कॅनची प्रत मागा. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात सगळं होतं, फक्त काढलेला भाग कंपनीकडे परत गेला होता आणि कोड पुसले गेले होते. त्या दोन गोष्टींपायी आम्ही वर्षभर झगडलो. डॅशकॅमचं किंवा मोबाईलवरचं चित्रीकरण असेल तर ते मूळ उपकरणावरून काढू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

बिल फर्मच्या नावावर आहे म्हणून 'तुम्ही ग्राहकच नाही' हा आक्षेप नक्की येईल. त्याला उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशाच दोन प्रकरणांचा एकत्र निकाल दिला. त्यातल्या एकात नाशिकजवळ अपघात होऊनही मर्सिडीजच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या. गाडी कंपनीच्या नावाने घेतली, पण वापर संचालकाचा होता. एवढ्याने खरेदी व्यावसायिक ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तुमच्या बाबतीत घरच्यांचा वापर दाखवणारे कागद जमवा. मात्र गाडी भाड्याने दिली असेल तर मला आधीच सांगा, ते लपत नाही.

तक्रार कंपनी आणि शोरूम दोघांविरुद्ध करा. गोव्यातल्या अँटोनियो पाउलो वाझ यांच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला वगळलं होतं, कारण चूक डीलरची होती आणि ती कंपनीला माहीत असल्याचा पुरावा नव्हता. तुमच्याकडे दोष कंपनीचा आणि हलगर्जी शोरूमची. एकालाच धरलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

मागणी करताना सरसकट 'नवी गाडी द्या' असं लिहू नका. मारुती विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात दोष एका भागात असेल तर अख्खी गाडी बदलून मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. उलट २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत तेव्हा त्याच न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. तुमचं प्रकरण या दोहोंच्या मधलं आहे, पण दोन वेळा इंजिन बंद पडून जीव टांगणीला लागला हे दुसऱ्या बाजूला झुकवतं. म्हणून किंमत परत किंवा बदली गाडी ही मुख्य मागणी ठेवा; ती मान्य नसेल तर सुधारित पंप, त्यावर वाढीव लेखी वॉरंटी, पर्यायी वाहनाचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई अशी पर्यायी मागणी जोडा. प्रयोगशाळेकडून तपासणीचा आणि निकालापर्यंत पर्यायी गाडीचा अर्जही सोबत द्या. ग्राहक संरक्षण कायद्यातलं 'उत्पादन दायित्वा'चं (सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या जबाबदारीचं) प्रकरण यात ओढू नका. त्यातली हानी म्हणजे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला झालेली, खुद्द गाडीला झालेली नव्हे.

५० लाखांपुढे दोन कोटींपर्यंतची किंमत दिली असेल तर तक्रार राज्य आयोगात जाते. तुमच्या रकमेला फी २,००० रुपये आहे. अकरा जणांनी एकत्र तक्रार करायचं म्हटलं आणि सगळ्यांच्या किमती एकत्र धरल्या तर आकडा दोन कोटींवर जातो आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगात फेऱ्या सुरू होतात. त्यापेक्षा तुमची तक्रार एकट्याची ठेवा आणि बाकीच्यांची प्रतिज्ञापत्रं पुरावा म्हणून जोडा.

मुदत दोन वर्षांची. सुरक्षित हिशेब त्या रिकॉलच्या पत्राच्या तारखेपासून धरा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जूनच्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे. वकिलाची नोटीस किंवा कंपनीशी चाललेला पत्रव्यवहार ही मुदत वाढवत नाही. दरम्यान शोरूम 'सदिच्छा' म्हणून वर्षभराची सर्व्हिस मोफत देऊ करेल आणि एका फॉर्मवर सही मागेल. 'आता कोणतीही तक्रार उरलेली नाही' असं त्यात कुठे लिहिलंय का, हे आधी बघा. असेल तर सही करू नका, आणि फॉर्मचा फोटो मला पाठवा.