स्कुबात सगळ्यांचं गिअर एकसारखंच हवं असा हट्ट काही डायव्हर्स का धरतात?

हा हट्ट मुळात फ्लोरिडाच्या गुहांमधला. डोक्यावर दगडाचं छत, सरळ वर येता येत नाही, म्हणून बडीची (सोबतच्या डायव्हरची) हवा संपली की आपल्या तोंडातलाच रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) त्याला द्यायचा, तो ७ फुटी होजवर (नळीवर) असतो म्हणजे अरुंद जागेतून एकामागोमाग निघता येतं, आणि आपला बॅकअप रेग्युलेटर गळ्यातच लटकवलेला. सगळ्यांचं असंच असलं की ऐनवेळी काय कुठे आहे ते शोधावं लागत नाही. १९९८ साली सुरू झालेली जीयूई ही डायव्हिंग शिकवणारी संस्था हेच सगळ्यांना शिकवते. पॅडी या दुसऱ्या संस्थेवाले एवढे कडक नाहीत, जॅकेट बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जॅकेट) चालतं.

आपण मुंबईकर पूलमध्ये शिकून मालवणला उतरणार, तिथे ७ फुटी होज नसली तरी काही बिघडत नाही हो. पण बडीचा ऑक्टोपस (जास्तीचा रेग्युलेटर) कुठे लावलाय हे उतरायच्या आधी हात लावून बघा, आमच्याकडे तेवढंही कोणी करत नाही!