नव्वदी पार केलेल्या आईविषयी लिहिताना 'प्रेमळ होती' यापलीकडे काय लिहावे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: आई ९१व्या वर्षी गेली, तुम्ही पाच भावंडे आणि अकरा नातवंडे मिळून तिच्याविषयी एक छोटी पुस्तिका करायचे ठरवले आहे, आणि लिहायला बसल्यावर 'प्रेमळ', 'कष्टाळू' आणि 'आमच्यासाठी झिजली' एवढेच कागदावर उतरते आहे. इतके मोठे आयुष्य आणि सांगण्याजोगे इतके थोडे कसे, असे तुम्ही विचारले आहे. माझी आई २०२३ साली, वयाची ९२ वर्षे पूर्ण करून गेली आणि त्यानंतर काही महिन्यांनी मीही नेमका याच जागी अडलो होतो, म्हणून हे उत्तर.

ही विशेषणे खोटी नाहीत. अडचण एवढीच की ती कोणाच्याही आईला चालतात. मसुद्यातले नाव खोडून दुसऱ्या कोणाच्या आईचे नाव घातले आणि तरीही एकही वाक्य बदलावे लागले नाही, तर तो मसुदा अजून तुमच्या आईविषयी झालेलाच नाही असे खुशाल समजावे. माझा पहिला मसुदा तसाच होता. तो वाचून धाकटी बहीण म्हणाली, "छान आहे, पण यात आई कुठंय?" मला राग आला, आणि दोन दिवसांनी तिचे म्हणणे पटले.

मग मी एक अगदी कारकुनी काम केले. एका मोठ्या कागदावर १९३१ ते २०२३ अशी वर्षे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येक वर्षासमोर आईविषयी जे मला नक्की ठाऊक होते तेवढेच मांडत गेलो. शेवटच्या सहा वर्षांसमोर जागा पुरेना: पडणे, खुब्याचे हाड, कमी ऐकू येणे, रात्रीची औषधे, नावांची गल्लत. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षे विरळ होती आणि जी भरली होती तीही बहुतेक आमचीच होती, म्हणजे कोणाची परीक्षा, कोणाचे आजारपण, कोणाची नोकरी. त्या वाक्यांत आई कर्त्याच्या जागी नव्हतीच, क्रियाविशेषणासारखी कुठेतरी कडेला होती. आणि पहिल्या एकवीस वर्षांसमोर जेमतेम चार नोंदी होत्या. हिशेबाने ती ७१ वर्षे आई होती आणि ४६ वर्षे आजी, पण त्याआधीची २१ वर्षे ती यांपैकी कोणीच नव्हती, आणि त्या २१ वर्षांचा आम्हा चौघा भावंडांपैकी कोणालाच धड पत्ता नव्हता. तुम्हीही असा कागद करून पाहा असे मी सुचवेन. काय लिहावे हे त्यातून कळत नाही, पण काय विचारायचे राहून गेले ते लख्ख दिसते.

शेवटची वर्षे मागचे सगळे झाकून टाकतात, त्याला आपला कृतघ्नपणा कारण नाही, स्मरणाची घडणच काहीशी तशी आहे. १९९३ साली डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माणसांना एकदा १४ अंश सेल्सिअस तापमानाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितले. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केले होते. यांतला कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. त्रास किती वेळ चालला याला आठवणीत फारसे वजन मिळत नाही, सर्वांत तीव्र क्षणाला आणि शेवटाला मात्र मिळते. हा प्रयोग मिनिटा-दीड मिनिटाचा होता, आयुष्याचा नव्हे, हे खरेच. तरीही दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली आई पाहिलेल्या कोणालाही यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. मी त्यावर ओबडधोबडच उपाय केला. आजारपणाला पुस्तिकेत एकच परिच्छेद दिला, आणि तोही मध्यावर, शेवटी नाही. कालक्रम बिघडतो अशी हरकत थोरल्या बहिणीने घेतली होती. बिघडू दे, असे मी म्हटले.

त्या रिकाम्या एकवीस वर्षांचे काय करावे? आमच्या बाबतीत नशिबाने एक गोष्ट हाती लागली. धाकट्या बहिणीच्या मुलीने २०११ साली शाळेच्या उपक्रमासाठी आजीची ३८ मिनिटांची मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली होती आणि ती फाइल तिच्या जुन्या संगणकात पडून होती. त्या मुलाखतीत ऐंशी वर्षांची आई, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी थोरल्या भावाची सायकल कशी शिकली ते सांगते आहे. सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नसत, त्यामुळे थांबायचे कसे हेच तिला येत नव्हते. थांबायचे झाले की भिंत गाठायची आणि भिंतीला हात लावून उतरायचे. "भिंत नसली तर?" असे नात विचारते. "मग भिंत येईपर्यंत जायचं," असे आई म्हणते, आणि दोघी हसतात. मी चौसष्ट वर्षांचा होईपर्यंत माझ्या आईला सायकल येते हे मला ठाऊक नव्हते.

याच्या पुढच्याच वाक्याला दुसऱ्या खोलीतून एक पुरुषी आवाज येतो: "आई, गोळी घेतलीस का?" तो आवाज माझा आहे. ती "घेते रे" म्हणते, भांड्याचा आवाज होतो, आणि त्यानंतर बोलणे गोळ्यांवर जाते ते सायकलीवर परत येत नाही.

म्हातारी माणसे स्वतःच्या आयुष्यातले काय सांगतात याचा आलेख काढला, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा एक उंचवटा त्यात दिसतो. डेव्हिड रूबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली तो स्पष्टपणे मांडला आणि पुढे इतरांच्या अभ्यासांतही तो पुन्हा पुन्हा दिसला. याचा अर्थ असा की आईपाशी सर्वांत जास्त सांगण्यासारखे होते ते आमच्या जन्माच्या आधीचे, आणि आम्हाला ऐकायची हौस होती ती आमच्याविषयीचे ऐकण्याची. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ सालीच लिहून ठेवले होते की उतारवयात मागचे आठवत बसणे म्हणजे बुद्धीला गंज चढणे नव्हे, ती गेलेल्या आयुष्याचा आढावा घेण्याची स्वाभाविक क्रिया आहे. आमच्या घरी मात्र २०११ सालीही 'आई आता जुन्यातच रमते' असे थोडे हळू आवाजात, काळजीच्या सुरात बोलले जात असे.

आजीपणाविषयी लिहिताना वेगळीच अडचण येते: आपण पाहिलेली आई आणि आपल्या मुलांनी पाहिलेली आजी या दोन बायका वाटतात. माझ्या लहानपणी शर्टाचे बटण तुटले तर ते जिथे पडले असेल तिथून शोधून आणल्याशिवाय आई समोर उभे करत नसे, आणि मिळाले नाही तर मी तो शर्ट तसाच घालून जात असे. माझ्या मुलाचे बटण तुटले तर ती डब्यातून मिळतेजुळते काढून लावून टाकी, विचारतसुद्धा नसे. "ही बाई आमच्या वेळी कुठे होती?" असे थोरली बहीण एकदा तिच्या तोंडावर म्हणाली होती. आई म्हणाली, "तेव्हा माझ्याकडे डबा कुठं होता?" त्यावेळी आम्ही ते हसण्यावारी नेले. मी तिसरा, १९५९ सालचा. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, पदरात तीन मुले होती आणि हाताखाली कोणी नव्हते. थोरल्या बहिणीला वाढवणारी एकवीस वर्षांची मुलगी होती आणि धाकटीला वाढवणारी छत्तीस वर्षांची बाई. नातवंडांचेही तेच, पहिल्या नातवाने तिच्यामागे धावताना दम टाकला आहे, शेवटच्या नातीने तिला फक्त काठी घेतलेलीच पाहिले. तुमच्या अकरा नातवंडांना एकच प्रश्न विचारा, की आजीचे वय तेव्हा किती होते, आणि मग त्यांच्या आठवणी त्या वयाखाली लावा. 'आजी' या एका शब्दाखाली किती जणी दडल्या होत्या ते दिसेल.

आजी हा विषय शास्त्रज्ञांनीही बराच चघळला आहे. मूल होण्याचे वय संपल्यावर बायका इतकी वर्षे का जगतात, या कोड्यावर क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हादझा लोकांमध्ये राहून उत्तर शोधले. तिथे आईच्या कडेवर नवे तान्हे आले की आधीच्या मुलाचे पोषण आजी खणून आणत असलेल्या कंदांवर अवलंबून राहते, असे त्यांना दिसले. पुढे २००४ साली अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या फिनलंड आणि कॅनडामधल्या कुटुंबांच्या नोंदी तपासल्यावर असे आढळले की पन्नाशीनंतर बाई जितकी दशके जगली, त्या प्रत्येक दशकामागे तिला सरासरी दोन नातवंडे अधिक झाली. मला हे वाचायला आवडले, आणि पुस्तिकेत घालण्याचा मोहही झाला. घातले नाही. त्यात आजी म्हणजे नातवंडे जगवण्याची सोय होऊन बसते, आणि 'आमच्यासाठी झिजली' हे वाक्यही, जरा कठोरपणे बोलायचे तर, तेच म्हणते.

त्याऐवजी मी तिच्या फोन नंबरांच्या वहीतल्या एका पानाचे वर्णन लिहिले. डॉक्टर, शेजारी, जुन्या मैत्रिणी यांचे नंबर तिने शाईने लिहिले होते. मुलांचे आणि नातवंडांचे पेन्सिलीने. "तुम्ही कुठं टिकता एका जागी?" असे तिचे त्यावर उत्तर असे. थोरल्या नातवाच्या नावापुढचा कागद खोडून खोडून इतका पातळ झाला आहे की मागच्या पानावरची अक्षरे त्यातून दिसतात, आणि वही उजेडात तिरकी धरली तर पेन्सिलीने पडलेल्या चरांवरून आधीचे सात नंबर एकावर एक वाचता येतात. तो ज्या ज्या ठिकाणी राहिला त्यांचा तो एवढाच एकत्र पुरावा असेल. दर रविवारी सकाळी ती वही मांडीवर घेऊन ती ओळीने नंबर लावी, न लागलेल्यांपुढे पेन्सिलीचा ठिपका देई आणि शेवटी ठिपक्यांकडे पुन्हा वळे. सर्वांत वरच्या नंबराला नऊच आकडे आहेत. तिथे हात थांबला असावा. नातवंडांवर तिचा फार जीव होता हे वाक्य मग मला लिहावेच लागले नाही.

भावंडांच्या आठवणी जुळणार नाहीत, याची तयारी ठेवा. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला देऊन काही काळाने पुन्हा सांगायला लावली होती. कथा आखूड होत गेली, अनोळखी तपशील गळाले, आणि त्यांच्या ओळखीच्या गोष्टी आत शिरल्या. घरातले किस्सेही असेच घासून गुळगुळीत होतात. आमच्याकडे आईच्या अबोल्यावरून वाद झाला. ती रागावली की चार-चार दिवस बोलत नसे. मी ते लिहिले, बहिणींनी खोडले, मी पुन्हा लिहिले. शेवटी भाऊ म्हणाला की अबोल्यात ती आमच्या चपला मात्र दाराशी सरळ लावून ठेवी, तेही लिही. ते लिहिल्यावर कोणी हरकत घेतली नाही. दोन आठवणी पटत नसतील तर दोन्ही, सांगणाऱ्याच्या नात्यासह छापा. तडजोडीची तिसरी आठवण तयार करू नका.

बारीकसारीक सूचना एवढ्याच: छायाचित्रांच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि आवाजाच्या फाइली निदान दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात.

राहिली ती सायकल. ती फाइल ऐकल्यावर मी मावशीला फोन केला. आईच्या पिढीतली ती एकटीच उरली आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची. आई सायकलवरून जायची तरी कुठे, असे मी विचारले, कारण मुलाखतीत माझ्या गोळीच्या चौकशीने नेमके तेच राहून गेले होते. "कुठं म्हणजे?" मावशी म्हणाली, "कुठंच नाही. दुपारी सगळे झोपले की नुसती हिंडायची."

तुमच्या प्रश्नात आईची एक धाकटी बहीण हयात असल्याचा ओझरता उल्लेख आहे. पुस्तिकेचे काम चार दिवस बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याकडे जाऊन या.