अडॅप्टर प्रोटीन स्वतःलाच बंद का ठेवतं?
अडॅप्टर म्हणजे जोडणारा दुवा, इथं पेशीतला माल आणि तो ओढून नेणारं मोटर प्रोटीन यांना जोडणारा. माल मिळायच्या आधीच ते मोटरला चिकटलं तर मोटर रिकामीच पळेल, म्हणून ते स्वतःच्याच अंगावर दुमडून बसतं. बीआयसीडी२ घ्या, लांबलचक दोरीसारखं प्रोटीन, एक टोक माल पकडतं (रॅब६ नावाचं प्रोटीन लागलेली पेशीतली छोटी पिशवी) आणि दुसरीकडं डायनीन ही मोटर आणि तिचा जोडीदार डायनॅक्टिन जोडले जातात, पण माल नसला की मालाकडचं टोक मागं वळून डायनीनची जागा झाकून टाकतं, रॅब६ येऊन बसलं की घडी मोडते आणि मग गाडी निघते. आपल्या सांगलीकडं ट्रॉली ऊसानं भरल्याशिवाय ट्रॅक्टर कारखान्याकडं हलत नाही, तसंच समजा. साताऱ्यात एमएस्सीच्या पोरांना मी हेच उदाहरण देतो. हे कुलूप उगाच नाही बरं का, बीआयसीडी२ च्या जीनमधल्या म्युटेशननं पायांचे स्नायू कमजोर होतात हे २०१३ मध्ये समोर आलं, आणि त्यातली काही म्युटेशन डायनीनला गरजेपेक्षा जास्त चालू करतात. फक्त एक, सगळ्या अडॅप्टरचं कुलूप मोटरवरच नसतं, मिंट१ या दुसऱ्या अडॅप्टरमध्ये त्याचाच शेजारचा तुकडा वळून अल्झायमरवाल्या एपीपी प्रोटीनची जागा अडवतो, तिथं मोटरचा संबंध नाही.