‘बरं आहे’ म्हणणाऱ्या आजोबांना काय विचारावं?

प्रश्न: आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीची पाहणी करायची आहे. आफ्रिकेतल्या अशा पाहण्यांत तासन्‌तास ताटकळलेले वृद्धही ‘समाधानी’ म्हणतात, असं वाचलं. मग विचारून उपयोग काय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: उपयोग आहे, फक्त ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न वगळा. जिथे पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं, तिथे उभं राहून म्हातारं माणूस ‘बरं आहे’ असंच सांगणार. मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या दारातही हेच ऐकू येईल. शिवाय रांगेला कंटाळून ज्यांनी येणंच सोडलं, ते तिथे सापडत नाहीत. त्यांना मंडळाच्या सभासदांत शोधा. हे काम बाहेरच्या संशोधकाला जमणार नाही.

आधी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. औषधाच्या खिडकीवरून परतणारा दर पाचवा ज्येष्ठ रुग्ण निवडा, नाहीतर बोलघेवडेच हाती लागतात. तिथे फोन नंबर आणि फक्त वेळा लिहून घ्या: घरून केव्हा निघाले, केसपेपर केव्हा निघाला, डॉक्टरांपुढे केव्हा बसले, औषध केव्हा मिळालं. बाकीचं दोन-तीन दिवसांनी घरी जाऊन विचारा, मुलाला नव्हे, खुद्द रुग्णाला. ‘ही गोळी केव्हा घेता?’ एवढ्यावरून डॉक्टरांचं सांगणं किती पोचलं ते कळतं. एप्रिल-मे टाळा; त्या उन्हात घराबाहेर पडू न शकणारे सुटून जातात.

औषधांवर जरा रेंगाळा. सेनेगलने २००६ मध्ये ६० वर्षांपुढच्यांसाठी मोफत उपचारांची ‘प्लॅन सेझाम’ योजना आणली. घानाच्या आरोग्य विम्यात ७० वर्षांपुढच्यांना हप्ता माफ आहे. पण आत औषध शिल्लक नसलं की माफी कागदावरच. म्हणून चिठ्ठीवर औषधं किती, आत मिळाली किती, बाहेर रुपये किती गेले, ऑटोला किती, हे विचाराच. (आपलं सत्तरीपुढचं आयुष्मान कार्डही भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीसाठी नाही. हा घोळ पुष्कळांचा होतो.)

दक्षिण आफ्रिकेत बीपी-शुगर आटोक्यात असलेल्यांना नेहमीची औषधं घराजवळच्या केंद्रावरून नेता येतात. तुमच्या पाहणीतही ‘फक्त गोळ्या न्यायला आलो’ म्हणणारे वेगळे मोजा. अधीक्षकांपुढे मांडायला तोच आकडा सर्वांत कामाचा.