पुदिना, ओरेगॅनो फ्रीजमध्ये सावकाश वाळवला तर वास खरंच टिकतो का?

तुम्ही विचारलंय की कुंडीतला पुदिना आणि ओरेगॅनो पंख्याखाली वाळवला की वास निम्मा उडून जातो आणि उरलेल्याला वाळक्या गवताचा वास येतो, आणि जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे घरी गांजा लावणारे लोक फुलं कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये सावकाश वाळवतात नि मग बरणीत मुरवतात, तर तेच तंत्र या पानांना चालेल का, आणि बुरशी येणार नाही ना.

चालतं. पुदिना तर मी आता दुसऱ्या कुठल्या पद्धतीने वाळवतच नाही. पण सगळ्या पानांना ही पद्धत लावायची गरज नाही, आणि काहींना ती सोसत पण नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

आधी हे का चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. फ्रीजमध्ये पान थंडीने वाळत नाही, कोरड्या हवेने वाळतं. फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फाचे थर न जमणाऱ्या फ्रीजमध्ये हवा पंख्याने फिरवून आत लपलेल्या अतिथंड कॉइलवरून नेतात, तिथे हवेतली वाफ बर्फ होऊन चिकटते, आणि ती कोरडी झालेली हवा परत तुमच्या कप्प्यात येते. मग ठराविक वेळाने कॉइल गरम होते, बर्फ वितळतो आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये निघून जातं. म्हणजे हा फ्रीज दिवसरात्र आतला ओलावा बाहेर काढतच असतो, न झाकलेली कोथिंबीर आत दोन दिवसात मान टाकते ती यामुळेच. आकड्यात सांगायचं तर २५ अंशाच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त साधारण २३ ग्रॅम वाफ मावते, ४ अंशाला साधारण ६.४ ग्रॅम आणि उणे १८ ला जेमतेम १ ग्रॅम. आता उणे १८ ला कोरडी झालेली हवा ४ अंशापर्यंत गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकते त्या वाफेच्या किती टक्के वाफ हवेत आहे ते, हिशोबाने १५ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात दार उघडतं, भाज्या आत श्वास घेत असतात, त्यामुळे आर्द्रता त्याच्या बरीच वर राहते, पण तरी दमट दिवसात बाहेर ८०-८५ टक्के असते त्यापेक्षा आतली हवा कितीतरी कोरडी.

आणि थंडीचं काम वेगळं आहे, ती वास धरून ठेवते. पुदिना, ओरेगॅनो, थाइम, सेज ही सगळी एकाच कुळातली, यांचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. भिंग असेल तर पुदिन्याचं पान उलटं करून बघा, खालच्या बाजूला चमकणारे बारीक ठिपके दिसतील, तोच सगळा माल. त्या तेलातली हलकी द्रव्यं म्हणजे लिमोनीन, पायनीन, मिरसीन वगैरे साध्या तापमानालाही उडतात, उन्हात आणि पंख्याच्या वाऱ्यात तर फारच. गांजा वाळवणाऱ्यांचा जीव ज्या टर्पीन्ससाठी, म्हणजे वास देणाऱ्या द्रव्यांसाठी, तुटतो ती हीच, त्यामुळे त्यांचं तंत्र इकडे लागू पडतं यात नवल नाही. ४ अंशाला ही द्रव्यं उडायचा वेग बराच कमी होतो, पाणी मात्र जात राहतं.

यातूनच कुठल्या पानाला फ्रीज लावायचा ते ठरतं. पुदिना, लेमन बाम, मार्जोरम, अशी मऊ पातळ पानं आणि हलका वास असणारी झाडं, यांना फायदा सगळ्यात जास्त. ओरेगॅनो आणि थाइममधली मुख्य द्रव्यं कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल, ती जरा जड असतात आणि सहज उडत नाहीत, त्यामुळे तुमचा ओरेगॅनो सावलीत टांगून वाळवला तरी बरा राहतो, फ्रीजमध्ये थोडा अजून चांगला, एवढंच. रोझमेरी आणि तमालपत्राला फ्रीजची जागा अडवायची काहीच गरज नाही. कोथिंबीर कशीही वाळवा, तिचा वास जातोच, ती ताजीच वापरा. आणि बेसिल नको. बेसिलला साधारण १० अंशाच्या खालची थंडी सोसत नाही, ताजं पान फ्रीजमध्ये टाकलं की काळे डाग पडतात आणि वाळेपर्यंत सगळं काळपट होतं. ते सावलीत बाहेर वाळवा किंवा तेलात वाटून फ्रीजरमध्ये टाका.

फ्रीजर म्हटल्यावर लगेच सांगते, पानं फ्रीजरमध्ये ठेवून वाळवायला जाऊ नका. गोठल्यावर पेशी फुटतात आणि बाहेर काढलं की पानाचा लगदा होतो. कारखान्यात गोठवून वाळवतात तिथे निर्वात पंप लावून बर्फाची थेट वाफ करतात, ते यंत्रच वेगळं.

आता करायचं कसं. झाडाला कळ्या धरायला लागल्या की तोडायची चांगली वेळ, तेव्हा तेल भरपूर असतं. धुवायचं असेल तर आदल्या दिवशी झाडावरच पाणी मारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर काड्या कापा, कापल्यावर धुतलं की पानांच्या घड्यांमध्ये पाणी अडकतं आणि पुढची सगळी कटकट त्या पाण्याची असते. पिवळी, किडकी, डाग पडलेली पानं तेव्हाच काढून टाका. पानं काडीवरच राहू द्या, ओरबाडून काढायला गेलं की ग्रंथी फुटतात आणि तेल हातालाच लागतं, तुमच्या बोटांना जो मस्त वास येतो ना तो बरणीतून वजा झालेला असतो.

मग कोरी खाकी कागदी पिशवी घ्या, छपाई नसलेली, वर्तमानपत्र नको. त्यात काड्या एकाच थरात, फार तर दीड थर, ठासून भरायचं नाही, आणि तोंड उघडं ठेवायचं. पिशवीऐवजी स्टीलची चाळणी पण चालते, फक्त कागदाचा एक फायदा असा की तो ओलावा शोषून हळूहळू बाहेर सोडतो, त्यामुळे पानाच्या कडा एकदम कडक होत नाहीत. पिशवी वरच्या कप्प्यात, जिथून थंड हवा येते त्याच्या जवळ ठेवा पण ते भोक बुजवू नका. खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये अजिबात नाही, तो ड्रॉवर ओलावा टिकवायसाठीच बनवलेला असतो. रोज एकदा पिशवी अलगद हलवून काड्यांची बाजू बदला, बस.

एक गोष्ट फार लोक सांगत नाहीत, फ्रीजमधले वास. चिरलेला कांदा, कापलेलं खरबूज, उघडी मासळी, यातलं काहीही आत असेल तर पान तो वास ओढून घेतं, आणि उलटपण होतं, तुमचा पुदिना उघड्या लोण्याला आणि सायीला लागतो कारण चरबी वास पटकन धरते. तेवढे दिवस फ्रीजमधलं बाकी सगळं घट्ट झाकलेल्या डब्यात ठेवा, भाज्या पण, म्हणजे वासाचा प्रश्न मिटतो आणि आतली हवाही जास्त कोरडी राहते. कच्चं मांस किंवा मासे पिशवीच्या वरच्या कप्प्यात कधीच ठेवू नका.

किती दिवस लागतील हे फ्रीज किती भरलेला आहे आणि पान किती जाड यावर आहे, साधारण आठवडा ते दोन आठवडे धरा. पण दिवस मोजण्यापेक्षा वजन करा, हे मी आवर्जून सांगते. पिशवी ठेवतानाच किचनच्या काट्यावर वजन करून पिशवीवरच पेन्सिलने लिहून ठेवा. ताज्या पानात ८० ते ८५ टक्के पाणी असतं, त्यामुळे १०० ग्रॅम पानांचे शेवटी १६ ते २२ ग्रॅमच्या आसपास राहतात, आणि दोन दिवस लागोपाठ वजन हललं नाही म्हणजे फ्रीजला जेवढं पाणी काढता येतं तेवढं त्याने काढलं. नुसत्या हाताने बघायचं तर पान कुरकुरीत लागतं पण देठ अजून वाकतो, अशी एक मधली अवस्था असते आणि तिथेच लोक फसतात, कारण देठातलं पाणी बरणीत गेल्यावर पानात परत येतं आणि सगळं सादळतं. देठ कट्कन मोडला पाहिजे.

बाहेर काढताना एक काळजी घ्या. ४ अंशाचं पान दमट खोलीत उघडं आणलं की त्यावर लगेच दव धरतं आणि दोन आठवड्याची मेहनत पाच मिनिटात ओली होते. म्हणून फ्रीज उघडून तिथल्या तिथे काड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, झाकण लावा, मग बरणी बाहेर काढा आणि तासा-दोन तासांनी, काच हाताला गार लागेनाशी झाली की मगच उघडा. देठ मोडून बघायचा तो पण तेव्हाच.

आता मुरवणं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. तंबाखू किंवा व्हॅनिलाच्या शेंगा मुरवतात तिथे आत खरोखर रासायनिक बदल होतात, हिरव्या व्हॅनिलाच्या शेंगेला तो ओळखीचा वास नसतोच, ती गरम करून, घाम आणून, महिनोन्महिने ठेवतात तेव्हा आतल्या ग्लुकोव्हॅनिलिनपासून व्हॅनिलिन मोकळं होतं. पुदिन्यात असं काही नवीन तयार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पानांच्या बाबतीत बरणीतला काळ म्हणजे मुख्यतः ओलावा सगळीकडे सारखा होणं, देठाचा पानात, जाड पानाचा पातळ पानात. त्यासोबत तो जो हिरवट, कापलेल्या गवतासारखा वास असतो, जो पान दुखावल्यावर तयार होणाऱ्या हेक्सेनॉलसारख्या द्रव्यांमुळे येतो, तो आठवड्याभरात बराच विरतो. तुमची गवताच्या वासाची तक्रार आहे ना, मला वाटतं अर्धी इथेच सुटेल.

बरणी दोन तृतीयांश भरा आणि आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचा मीटर, टाका. स्वस्तातले मीटर ५ टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून आधी तपासून घ्या, बाटलीच्या बुचात मीठ घेऊन पाण्याच्या काही थेंबांनी ओल्या वाळूसारखं करा, ते बूच आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, २५ अंशाच्या आसपास ७५ टक्के दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर तुमचा मीटर ४ कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मग बरणीतलं रीडिंग २४ तासांनी बघा. ६५ च्या वर असेल तर सगळं परत पिशवीत आणि फ्रीजमध्ये. ६० ते ६५ असेल तर बरणी फ्रीजमध्येच झाकण काढून काही तास ठेवा नि परत बंद करा. ६० च्या खाली बुरशी वाढत नाही, पण मी पानांसाठी ५० च्या आसपास थांबते म्हणजे हाताशी थोडी सूट राहते. गांजावाले ६० च्या आसपास ठेवतात कारण त्यांना फुलं फार कोरडी नको असतात, आपल्याला तसं काही कारण नाही. ४० च्या खाली गेलं की खराब होत नाही पण हात लावला की चुरा होतो. पहिला आठवडा रोज एकदा झाकण उघडून वास घ्या, मग आठवड्यातून एकदा पुरे.

बुरशीबद्दल स्पष्टच लिहिते कारण तुमची खरी भीती तीच आहे. थंडीत बुरशी हळू वाढते, थांबत नाही. बॉट्रायटिस म्हणून जी राखाडी बुरशी फुलांवर आणि फळांवर येते ती शून्य अंशाजवळ सुद्धा वाढते. त्यामुळे पिशवी ठासून भरली, ओली पानं घातली, किंवा ड्रॉवरमध्ये ठेवली तर फ्रीज वाचवणार नाही. जुन्या ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला किंवा पांढरी-राखाडी लव दिसली तर ती सगळी बरणी टाका, वरचं काढून खालचं वापरू नका. काही बुरशींची विषं शिजवून पण जात नाहीत.

हे सगळं फ्रॉस्ट फ्री साठी झालं. तुमचा फ्रीज डायरेक्ट कूल असेल, म्हणजे ज्यात बर्फाचे थर जमतात आणि बटण दाबून वितळवावे लागतात, तर आतली हवा जास्त दमट असते आणि पंखाही नसतो, तिथे नुसत्या कागदी पिशवीच्या भरवशावर राहू नका. मोठा हवाबंद डबा घ्या, तळाला सिलिका जेलचा थर, त्यावर जाळी, जाळीवर काड्या, आणि तो डबा फ्रीजमध्ये. ओलावा काढायचं काम कॉइलऐवजी जेल करतं, थंडी फ्रीज देतो. जेल पांढरं किंवा नारिंगी घ्या, निळं नको, निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते खायच्या वस्तूजवळ नकोच. नारिंगीचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोनेक तास ठेवा, परत वापरता येतं.

झाल्यावर पानं काडीवरून काढा पण चुरू नका, अख्खीच ठेवा, वापरायच्या वेळी तळहातावर चोळून घाला, ग्रंथी तेव्हाच फुटू देत. बरणी उजेडात ठेवली तर हिरवा रंग उडून पेंढ्यासारखा होतो, म्हणून बंद कपाटात, गॅसपासून लांब. अशी ठेवलेली पानं वर्षभर चांगली राहतात. तुमचा फ्रीज कुठल्या प्रकारचा आहे ते खाली लिहिलंत तर पिशवी नक्की कुठे ठेवायची ते सांगते.