दर महिन्याला कार्डाचं मिनिमम ड्यू भरूनही बाकी का हटत नाही? पैशाची शिस्त कुठून लावू?

तुम्ही दिलेले आकडे आधी पुन्हा मांडतो, कारण उत्तर त्यांतच आहे. हातात पगार ३४,०००. खोलीभाडं ८,०००, गावी पाठवता ६,०००, दुचाकीचा हप्ता ३,२००. क्रेडिट कार्डावर ६०,००० बाकी, व्याज महिना ३.५ टक्के. दर महिन्याला ३,००० मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, वेळेवर भरता, तरी बाकी साठाच्या आसपासच. आपल्यात शिस्त नाही म्हणून असं होतंय का, आणि एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) सुरू करू की मित्रांच्या भिशीत जाऊ, असं विचारलंय.

शिस्त तुमच्याकडे आहे; एकही तारीख चुकवलेली नाही. पण भरलेले पैसे जातात कुठे ते पहा. ६०,००० वर ३.५ टक्क्यांनी व्याज २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३७८. झाले २,४७८. तुमच्या ३,००० मधून मुद्दल फिटलं फक्त ५२२. त्याच महिन्यात कार्डावर दीड हजाराचा किराणा घेतलात की फिटलेलं गेलं आणि वर हजाराची भर पडली. नवीन काहीही न घेता नुसतं ५ टक्के मिनिमम भरत राहिलात तरी, ठोकळ हिशेबाने, वर्षभरात ३४,३०० भरून बाकी ५४,००० वर येते. मिनिममचं सूत्र बँकेप्रमाणे थोडं बदलतं, चित्र तेच राहतं.

मिनिमम भरल्याने दोनच गोष्टी वाचतात: लेट फी लागत नाही आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, थकबाकीची नोंद होत नाही. व्याज एका पैशाने थांबत नाही. स्टेटमेंटवर तोच आकडा ठळक छापलेला असतो आणि ॲपमध्ये भरायला सगळ्यात सोपा असतो, म्हणून माणसाला वाटतं की आपण बिल भरलं.

आता दुसरी गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळते. समजा ५ जूनला कार्डावर २०,००० चा फ्रीज घेतला. २० जूनला स्टेटमेंट आलं, शेवटची तारीख ८ जुलै. त्या दिवशी १९,००० भरले, हजार राहू दिले. वाटतं की व्याज हजारावर लागेल. प्रत्यक्षात ५ जून ते ८ जुलै या ३३ दिवसांचं व्याज पूर्ण २०,००० वर लागतं, म्हणजे ७५९ रुपये. पुढच्या स्टेटमेंटपर्यंत १२ दिवस उरलेल्या हजारावर १४ रुपये. त्यावर जीएसटी धरून ९१२. हजार रुपये कमी भरल्याचे नऊशे बारा! शिवाय बाकी असेपर्यंत प्रत्येक नवीन खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. तुम्ही आज कार्डाने पेट्रोल भरलंत तर त्या पेट्रोलवर आजपासूनच वर्षाला ४२ टक्क्यांनी व्याज लागतंय.

म्हणून आधी हे व्याज तोडा, सवयींचं नंतर पाहू. ६०,००० चं वैयक्तिक कर्ज १६ टक्क्यांनी, घटत्या बाकीवर (म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज), २४ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २,९३८ बसतो. आज जे ३,००० भरताय तेवढेच पैसे, पण दोन वर्षांत कर्ज शून्य, आणि एकूण व्याज साधारण १०,५००. वर प्रोसेसिंग फी आणि त्या फीवरचा जीएसटी लागेल, तो आधी विचारून घ्या.

कर्ज कुठून घ्यायचं? कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर पहिली चौकशी तिथे करा. हप्ता पगारातूनच परस्पर कापला जातो. फक्त एक प्रश्न नक्की विचारा: व्याज फ्लॅट आहे की घटत्या बाकीवर? ‘१२ टक्के फ्लॅट, ३ वर्षं’ हे घटत्या बाकीच्या हिशेबाने २१ टक्क्यांच्या वर जातं, कारण फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू असतं. बँक किंवा वित्तसंस्थेकडून घेणार असाल तर मुख्य तपशीलपत्रक (की फॅक्ट्स स्टेटमेंट) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळी शुल्कं धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्या आकड्यावर करा, जाहिरातीतल्या दरावर नको.

घरी सोनं असेल तर सोनेतारण बहुतेक वेळा याहून स्वस्त पडतं. पण मासिक हप्त्याचं घ्या. मुदतीअखेर एकरकमी फेडायचं घेतलंत की व्याज साचत जातं, नूतनीकरण होत राहतं आणि शेवटी दागिना लिलावात जातो. काहीच जमलं नाही तर कार्डाच्या ॲपमध्येच बाकीचे हप्ते पाडून घेता येतात. तिथे हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर लागत नाही. दर सारखा दिसला तरी हा फरक धरा. आणि वसुलीवाल्याने फोनवर ‘सेटलमेंट करून टाका, अर्ध्यात मिटवू’ म्हटलं तर घाई करू नका. सिबिलवर ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ती आडवी येते.

कर्जाचे पैसे आले की त्याच दिवशी कार्ड पूर्ण भरा. मग कार्ड खिशातून काढा, खरेदीच्या आणि जेवणाच्या ॲपमध्ये साठवलेला नंबर पुसा, आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर ते तोडा. वडापावच्या गाडीवरचा क्यूआर क्रेडिटवर चालायला लागला की हिशेब राहत नाही. इथेच बहुतेकांचं गाडं रुततं: कर्ज काढून कार्ड रिकामं होतं, मर्यादा पुन्हा मोकळी दिसते, आणि सहा महिन्यांत कर्जाचा हप्ताही चालू आणि कार्डही भरलेलं. ॲपमध्ये मर्यादा कमी करून १०,००० वर आणा.

आता पगार. भाडं, गाव आणि दुचाकी मिळून १७,२०० गेले, उरले १६,८००. त्यातून नवीन हप्ता २,९३८.

पुढचा खर्च कुणी धरत नाही आणि कार्ड त्यानेच भरतं: वर्षातून एकदा येणारा. तुमचा अंदाज असा करून पहा. दिवाळी १२,०००, गणपतीला गावी जाणं-येणं ५,०००, लग्नाचे आहेर ५,०००, मोबाइलचं वर्षाचं रिचार्ज ३,६००, दुचाकीची दोन सर्व्हिसिंग २,४००, तिचा विमा २,०००. बेरीज ३०,०००, भागिले १२, महिन्याला २,५००. हे पैसे पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या बचत खात्यात गेले पाहिजेत. त्या खात्याचं डेबिट कार्ड घरी ठेवा, यूपीआय जोडू नका. दिवाळी दरवर्षी येते, पण तिची तरतूद नसली की ती आपत्तीसारखी अंगावर येते.

त्याच खात्यात आणखी १,००० अडीअडचणीसाठी टाका. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणाल तर उरत नाही. बँकेत स्थायी सूचना (दरमहा पैसे आपोआप वळवायची) देऊन ठेवा.

उरले १०,३६२. हे जेवण, पेट्रोल आणि वरखर्चाचे, आणि ते एकदम हाताशी ठेवायचे नाहीत. पगार एका खात्यात जमा होऊ द्या, यूपीआय दुसऱ्या खात्याला जोडा, आणि १, ८, १५, २२ तारखेला तिकडे २,४०० टाका. २९ ला उरलेले साडेसातशे. २० तारखेलाच २२ चे पैसे उचलावे लागले तर त्या आठवड्यात काय झालं ते तेव्हाच कळतं, महिना संपल्यावर नाही. खर्च वहीत लिहिण्याचा सल्ला मी सगळ्यांना देत नाही, दहा दिवसांत सुटतो. त्याऐवजी त्या खात्याचं गेल्या महिन्याचं स्टेटमेंट काढा आणि शंभर रुपयांच्या आतले व्यवहार तेवढे मोजा. मग यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा. विसरलेली एखाद-दुसरी वर्गणी तिथे सापडते.

हप्त्याच्या तारखा पगाराच्या तारखेजवळ आणा. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला असेल तर खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत जातो; तुमची बँक दंड लावते, कर्ज देणारीही लावते, आणि सिबिलवर नोंद जाते ती वेगळीच. कार्डाचं बिलिंगचक्र किमान एकदा बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुम्हाला आहे.

एसआयपीचं उत्तर सरळ आहे: कार्डाची बाकी असेपर्यंत नको. ४२ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे ४२ टक्क्यांची खात्रीची कमाई. शेअर बाजाराशी जोडलेला कोणताही फंड तेवढी हमी देत नाही. कार्ड फिटून कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि बाजूच्या खात्यात महिन्याच्या खर्चाइतके पैसे साठले की ५०० ने सुरू करा. भिशीत नका जाऊ. नोंदणी नसलेल्या भिशीत एकाने मधेच हात वर केले तर दाद मागायला हातात कागद नसतो, आणि तुमच्या खिशाला आत्ता तेवढा धक्काही झेपणार नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र लगेच घ्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. हप्ता मेअखेरीस बचत खात्यातून आपोआप जातो, तेव्हा खात्यात पैसे असू द्या.

कार्ड पूर्ण भरल्यावर पुढचं स्टेटमेंट नक्की उघडा. स्टेटमेंटची तारीख ते तुम्ही पैसे भरले तो दिवस, एवढ्या दिवसांचं व्याज त्यात येतं. साठ हजारांवर दहा दिवसांचे जीएसटीसह सुमारे ८१५ होतात. बाकी शून्य केली समजून लोक ते पाहत नाहीत, आणि त्यावर लेट फी चढते. तेही भरून शून्याचं स्टेटमेंट हातात आलं की, कार्ड नकोच असेल तर, बंद करायची लेखी विनंती टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. बाकी काही नसेल तर बँकेला सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं. त्यापुढे दर दिवसाला ५०० रुपये ती तुम्हाला देणं लागते.