घड्याळाला आतला ताप कळतो का?

प्रश्न: माझा मुलगा आर्मी भरतीची तयारी करतोय, भर दुपारी पण ग्राउंडला जातो. ओरडले की म्हणतो अमेरिकेच्या सैनिकांना छातीला पट्टा असतो, तो उष्माघाताच्या आधीच सांगतो, मला स्मार्टवॉच घेऊन दे म्हणजे काळजी नको. खरंच असं कळतं का? – एक आई, फलटण

उत्तर: ताई, पट्ट्याचं खरं आहे. अंगातलं तापमान नीट मोजायचं तर गुदद्वारात थर्मामीटर नाहीतर गिळायची सेन्सरवाली गोळी, आता पळणाऱ्या अख्ख्या पलटणीला हे रोज कुठे करत बसणार, म्हणून नॅटिक गावातल्या अमेरिकन आर्मीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी नुसत्या हृदयाच्या ठोक्यांवरून आतला ताप काढायची पद्धत बसवली, 2013 ला ती छापून आली. पट्ट्यावरून दर मिनिटाचे ठोके घ्यायचे, मागच्या मिनिटाचा तापाचा अंदाज घ्यायचा, त्यावरून पुढचा. पण तो शेवटी अंदाजच, अर्धा-पाऊण डिग्री सेल्सिअस इकडेतिकडे होतो, आणि आतला ताप 40 डिग्री सेल्सिअसच्या आसपास गेला की तेवढ्यानेच सगळा फरक पडतो.

मनगटावरचं घड्याळ तर त्याहून कच्चं. ते हिरवा लाईट मारून रक्ताची हालचाल बघतं, पट्टा सैल असला, हात जोरात हलला की ठोके चुकतात. कातडीचं तापमान दाखवत असेल तर त्यावर अजिबात जाऊ नका, घाम वाळताना कातडी गारच लागते, आत पोरगं तापलेलं असतं.

म्हणून घड्याळापेक्षा सोबतच्या मित्राला सांगून ठेवा: पळताना झोकांड्या जायला लागल्या, काहीच्या काही बोलायला लागला, चिडचिड करायला लागला की तिथेच थांबवायचं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं लोक समजतात, ते चूक आहे, पळून होणाऱ्या उष्माघातात घाम येतच असतो. लगेच 108 ला फोन लावा पण गाडीची वाट बघत बसू नका, सावलीत नेऊन कपडे काढा आणि गार पाण्याच्या टाकीत डोकं वर धरून बसवा, टाकी नसेल तर बादल्यांवर बादल्या ओता, बर्फ मिळाला तर तोही लावा. आधी थंड करायचं, मग दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आणि दुपारचं ग्राउंड आधी बंद करा, सकाळी जाऊ दे. उन्हाची सवय लागायला दहा-चौदा दिवस लागतात, तीही हळूहळू वाढवत, आणि ताप-जुलाब झाले असतील त्या दिवशी पळायचंच नाही. घड्याळ घ्यायचंच असेल तर छातीचा पट्टा जोडता येणारं बघा, ठोके तरी बरोबर मिळतील.